व्हेराक्रिप्ट: अशिलांच्या फायली कुलपात ठेवल्यानंतरचा अनुभव

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आम्हा सोलापूरच्या वकिलांची मुंबईची बरीचशी धावपळ वाचली. पण आता लॅपटॉप बॅगेत घालून सांगोला-मिरजमार्गे एसटीने जाणं आलं. ती बॅग कुणी उचलली तर? विंडोजचा पासवर्ड इथे फारसा कामाचा नाही; साध्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं वाचता येतं. माझ्याकडे विंडोज होम आहे, त्यात पूर्ण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची स्वतःची सोय, मिळत नाही. म्हणून तेव्हापासून व्हेराक्रिप्ट वापरतोय.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि 2016 मध्ये त्याची स्वतंत्र तपासणीही झाली आहे. डिस्कवर ठरावीक आकाराची एक फाईल तयार होते. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, बंद केली की आतलं काहीच वाचता येत नाही. उघडायला काही सेकंद लागतात, पण एकदा उघडली की कैफियत टाइप करताना किंवा स्कॅन केलेले सातबारे चाळताना वेग कमी झाल्याचं जाणवलं नाही.

आता त्रासाच्या गोष्टी. वर्ड आपोआप जपून ठेवतो त्या प्रती सी ड्राइव्हवर, म्हणजे कुलपाबाहेर पडतात. ती जागा सेटिंगमध्ये जाऊन बदलावीच लागते. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. आत कितीही काम केलं तरी त्या कुलूपबंद फाईलची बाहेरून दिसणारी तारीख मूळ सेटिंगमध्ये बदलत नाही. त्यामुळे तारीख बघून चालणाऱ्या बॅकअपला वाटतं, काही बदललंच नाही, आणि जुनीच प्रत राहते. तारीख जपण्याचा पर्याय बंद केल्यावर माझा बॅकअप नीट चालू झाला. हे कुणीतरी ठळक अक्षरात सांगायला हवं.

लॅपटॉप नुसता मिटला तर कुलूप लागलं असं समजू नका. स्लीपमध्ये जाताना आणि स्क्रीन लॉक होताना ड्राइव्ह आपोआप बंद व्हावा, असं सेटिंग करून घ्या. पासवर्ड विसरलात तर कंपनीला फोन करून काही होत नाही, फायली गेल्याच. मी तो लांबलचक ठेवलाय आणि कागदावर लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय.

एवढा खटाटोप कशाला, असं बाररूममध्ये विचारतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 अशिलाने सांगितलेलं बाहेर जाऊ न देण्याचं बंधन आपल्यावर घालतं, आणि वकीलपत्र संपलं तरी ते बंधन सुटत नाही. पोटगीच्या प्रकरणात एखादी बाई तिचे दवाखान्याचे कागद विश्वासाने देते. सोलापुरात चार माणसांत एक ओळखीचा निघतो. ते कागद कुणाच्या हाती लागले तर तिला गल्लीत मान वर करून चालता येणार नाही.

ज्युनिअरला शिकवायला एक दुपार पुरली. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याचा प्रश्न मात्र व्हेराक्रिप्टने सुटत नाही. त्याच्या काँप्युटरवर पेनड्राइव्ह लावला की फाईल तिकडे राहू शकते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर राहतेच. त्यासाठी ऑफिसात छोटा लेझर प्रिंटर घेतला. पैसे गेले, पण कौटुंबिक प्रकरणांचे कागद आता ऑफिसाबाहेर छापायला जात नाहीत.