आंब्याच्या सावलीत कोणते झुडूप: चाक्रूना की वाइल्ड कॉफी?

दक्षिण फ्लोरिडातील परसात, आंब्याच्या सावलीत सायकोट्रिया प्रजातीतले एखादे झुडूप लावावे इथपर्यंत ज्यांचा विचार झाला आहे, त्यांची निवड दोन नावांपाशी अडू शकते: अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातली चाक्रूना, म्हणजे सायकोट्रिया विरिडिस, आणि इथलीच वाइल्ड कॉफी, म्हणजे सायकोट्रिया नर्वोसा. मी दोन्ही लावून पाहिली. दोन्ही कॉफीच्या आणि आपल्या एक्झोऱ्याच्या कुळातली असली, तरी दोघींपासून कॉफी मात्र मिळत नाही.

लागवडीत चाक्रूना हट्टी आहे. तिला दमट हवा आणि सावली लागते, आणि पारा दहा अंशांच्या खाली जाण्याची चिन्हे दिसली की कुंडी घरात घ्यावी लागते. पानाच्या तुकड्यालाही मुळे फुटतात हे तिचे कौतुक खरे, परंतु कोंब दिसेपर्यंत माझे काही महिने गेले. वाइल्ड कॉफीची मला अशी काळजी घ्यावी लागली नाही. तिची खोल शिरांची तकतकीत पाने माझ्या डोळ्यांना अधिक देखणी वाटतात, आणि लाल फळे पिकली की पक्षी येतात. चाक्रूनाचे पान त्यामानाने साधे. त्याच्या मागच्या बाजूला शिरेलगत असणाऱ्या बारीक पोकळ्या पाहण्यात माझा वेळ मात्र छान जाई.

खरी अडचण कायद्याची आहे. चाक्रूनाच्या पानात डीएमटी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य असते आणि अमेरिकेत ते पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीत आहे. त्या यादीत या झुडपाचे नाव नाही, मात्र ते द्रव्य असलेला कोणताही पदार्थ कक्षेत येईल अशी तिची भाषा आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ब्राझिली धर्मपंथाला या पानांचा चहा विधीसाठी वापरण्याची मुभा राहू दिली, पण ती धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली होती. हौशी बागवानाला तिचा आधार नाही. पेरूने २००८ मध्ये आयावास्का, म्हणजे ही पाने घालून केल्या जाणाऱ्या पेयाशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा मानले, तर फ्रान्सने २००५ मध्येच चाक्रूनाला बंदीच्या यादीत घातले होते. भारतात नेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीतही डीएमटी आहे. शोभेसाठी लावलेल्या एका कुंडीवरून कोणी दारात येईल असे मला वाटत नाही. जाणकार वकिलाचे मत वेगळे असू शकेल.

माझा निर्णय मात्र त्या भीतीने झाला नाही. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका वहिनींनी नेमक्या चाक्रूनासमोर उभे राहून विचारले, "भाऊजी, हिची एक फांदी द्या ना." बाग करणाऱ्या मराठी माणसाला इतका आनंद देणारी मागणी दुसरी नसेल, आणि मी "हिला अजून जोर नाही" अशी सबब सांगितली. त्यानंतरही दोनदा तेच झाले. जे झाड मोकळेपणाने कुणाला देता येत नाही, ते मला कधी पुरते आपले वाटले नाही. ज्यांना केवळ संग्रहच करायचा आहे आणि कायद्याचा सल्ला घेण्याची तयारी आहे, त्यांना कदाचित हे जाचणार नाही.

वहिनींना मी पुढे वाइल्ड कॉफीची दोन रोपे नेऊन दिली. त्या जानेवारीत थंडीचा इशारा आला तेव्हा चाक्रूनाची कुंडी मी आत घेतली नाही.