होस्टिंग चांगलं, पण पासवर्डात ₹ टाकू नका
कोथरूडच्या आमच्या दुकानासाठी सर्व्हर घेतलाय, स्पीड मस्त आहे, पण ॲडमिन लॉगिननं दोन दिवस खाल्ले राव. पासवर्डात ₹ होतं, अक्षर न् अक्षर तपासून टाकलं तरी ४०१ (म्हणजे लॉगिन नाकारलं), परत तीच लॉगिनची खिडकी. सपोर्टवाले दादा फोनवर तीनदा रीसेट करा एवढंच म्हणाले. शेवटी लॉग बघितला तेव्हा कळलं, ब्राउझर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची आजची पद्धत) ₹ चे ३ बाइट पाठवतो आणि यांचा सर्व्हर ते लॅटिन-१ (जुनी पद्धत, एका बाइटला एक अक्षर) समजून ३ वेगळी अक्षरं वाचतो, मग हॅश (पासवर्डापासून बनवून साठवलेला कोड) जुळणार कसा! यूटीएफ-८ वापरा असं ब्राउझरला सांगायची सोय २०१५ च्या आरएफसी ७६१७ या इंटरनेटच्या नियमावलीत आहे, ती तरी करा ना. ₹ काढलं, लगेच आत. सध्या तीन स्टार.