चित्रपुस्तकाच्या आराखड्यासाठी तयार वही : एक अभिप्राय

मुलांसाठी सचित्र पुस्तक करायला घेतलेल्या कलाविद्यार्थ्यांसाठी खास छापलेली एक आराखडा-वही मी सध्या पदवीच्या प्रकल्पासाठी वापरते आहे, आणि तिचे पहिलेच जोडपान मला सर्वांत मोलाचे वाटते. मोठ्या कागदाला घड्या घालून 8 किंवा 16 पानांचे फर्मे, म्हणजे एकत्र बांधायचे पानांचे गठ्ठे, तयार होतात, म्हणून चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचे असते. ती सगळी पाने इथे छोट्या चौकटींत एका नजरेत दिसतात आणि शीर्षकपान, श्रेयपान वगळून गोष्टीला खरोखर किती जागा उरते हे लगेच कळते. माझ्या गोष्टीत हरवलेल्या कोकराचा शोध आणि ते सापडण्याचा प्रसंग समोरासमोरच्या पानांवर आले होते, त्यामुळे उत्कंठाच उरत नव्हती; चौकटी पाहून तो प्रसंग पान उलटल्यावर येईल असा सरकवला. सुट्ट्या कागदांवर ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

बांधणीत दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग दबतो, म्हणून तिथे आखलेली फिकट पट्टीही उपयोगी आहे. पात्राचा चेहरा त्या जागी येऊ न देण्याचे वळण हाताला आपोआप लागते. कापणीसाठी कडेला 3 मिलिमीटर जादा जागाही दाखवली आहे.

कागद मात्र निराश करतो. पेन्सिल छान चालते, पण जलरंगाचा हलका हात फिरवला तरी पान सुरकुतते, त्यामुळे रंगसंगतीच्या चाचण्या वेगळ्या जाड कागदावरच कराव्यात. तरीही नमुनाप्रत शिवायला घेण्याआधी ही वही जरूर वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन.