गारफिल्डचं मेंटॉर की मॅकिन्लीचं कँटन?

क्लीव्हलंडला मुलांकडे आई-बाबा आलेत, एक शनिवार मोकळा आहे आणि जुन्या अमेरिकेतल्या लहान गावचा वकील-पुढारी कसा जगायचा ते बघायचंय, तर आसपास दोन पर्याय आहेत: मेंटॉर, म्हणजे जेम्स गारफिल्डचं गाव, आणि कँटन, म्हणजे विल्यम मॅकिन्लीचं. दोघंही ओहायोचे, दोघंही आधी मास्तर, मग वकील, मग खासदार, मग राष्ट्राध्यक्ष, आणि दोघांनाही पदावर असताना गोळ्या घातल्या, त्यामुळे डोक्यात गोंधळ होणारच.

गारफिल्डची गोष्ट ऐकायला जास्त भारी आहे. १८३१ चा जन्म, लाकडी ओंडक्यांचं घर, वडील लहानपणीच गेले, हायरम गावच्या शाळेत झाडलोट करून फी भरली आणि १८५७ ला त्याच संस्थेचा प्रमुख झाला! खासदार असताना पायथागोरसच्या सिद्धांताची स्वतःची सिद्धता दिली, समलंब चौकोन वापरून, ती १८७६ ला छापून आली (बाबा गणिताचे शिक्षक असतील तर इथेच निर्णय झाला समजा). पण वकील म्हणून म्हणाल तर तो नावापुरताच, सनद १८६१ ला घेतली, लगेच अमेरिकेच्या यादवी युद्धावर गेला आणि पहिली केस लढला ती १८६६ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात. जिंकला, ते वेगळं.

खरी गावची वकिली बघायची तर मॅकिन्ली. ऑल्बनीच्या लॉ स्कूलमध्ये थोडे दिवस काढले, १८६७ ला सनद, मग कँटनला ऑफिस, दोन वर्षांत जिल्ह्याचा सरकारी वकील. १८७६ ला संपावरच्या कोळसा कामगारांची केस घेतली, एक सोडून सगळे सुटले, आणि फी घेतली नाही. गंमत म्हणजे समोरच्या खाणमालकांत मार्क हॅना होता, पुढे त्यानेच मॅकिन्लीला राष्ट्राध्यक्ष केलं. बायको आयडा ही कँटनच्या बँकवाल्या सॅक्स्टनची मुलगी, लग्नाआधी वडिलांच्या बँकेत काम करायची, त्या काळात!

आता बघायला काय मिळतं ते. मेंटॉरला गारफिल्डचं घर उभं आहे, आतलं बरंचसं सामान त्याच कुटुंबाचं, नवरा गेल्यावर ल्युक्रेशियाने बांधलेली लायब्ररी तर अप्रतिम, आणि १८८० ला ज्या व्हरांड्यातून त्याने प्रचार केला तो व्हरांडा पण आहे. कँटनला मॅकिन्लीने १८९६ ला जिथून साडेसात लाखांच्या आसपास लोकांपुढे भाषणं केली ते घर राहिलेलंच नाही. आहे ते सॅक्स्टनांचं घर, जिथे हे जोडपं बरीच वर्षं राहिलं, ते आता फर्स्ट लेडीजचं (राष्ट्राध्यक्षांच्या बायकांचं) स्मारक आहे, आणि टेकडीवर मॅकिन्लीची भलीमोठी समाधी, १०८ पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच नमस्कार करावा. शेजारी म्युझियम आणि तारांगण आहे, त्यामुळे नातवंडं सोबत असतील तर कँटन सोपं जातं.

माझं मत विचाराल तर आई-बाबांबरोबर मेंटॉरच, क्लीव्हलंडहून जवळ, आणि घर बघितल्यावर माणूस कळतो तसा समाधी बघून कळत नाही. वकिली, बँक, कामगार यात खरा इंटरेस्ट असेल तरच कँटन, पण मग आधी थोडं वाचून जा, नाहीतर नुसता दगड बघून याल. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, उलट दिशांना आहेत. मेंटॉर लवकर आटपलं तर परतताना लेक व्ह्यू दफनभूमीत गारफिल्डची समाधी करा, ती क्लीव्हलंडमध्येच आहे.