पहिली नोकरी: डेव्हलपमेंट, टेस्टिंग की सपोर्ट?

ऑफर लेटरवर तिन्ही ठिकाणी बहुतेक एकच पद लिहिलेलं असतं: सॉफ्टवेअर इंजिनियर. खरं काम रुजू झाल्यावर कळतं. म्हणून होकार देण्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे लागलेल्या एखाद्या सीनियरला गाठा. 'कसं वाटतं तिथे?' असं मोघम विचारू नका, त्यावर 'छान आहे, शिकायला मिळतं' एवढंच उत्तर येतं. 'गेल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार नेमकं काय केलंस?' असं विचारा. दहा-बारा वर्षं झालेल्यांचा सल्ला पुढच्या वाटेसाठी घ्यावा. नव्या माणसाच्या वाट्याला आज काय येतं, हे त्यांनाही ऐकूनच माहीत असतं.

डेव्हलपमेंट सगळ्यांनाच हवं असतं आणि त्यात चूक काही नाही. मात्र नव्याला कोरी पाटी मिळत नाही. सुरुवातीचे महिने दुसऱ्याचा जुना कोड वाचण्यात आणि बारीकसारीक बग काढण्यात जातात. तीस ओळींच्या पुल रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीवर) पंधरा शेरे आले तर वाईट वाटून घेऊ नका. एकही शेरा न येता कोड मर्ज होत असेल, तर मात्र तिथे शिकवणारं कोणी नाही असं समजा. एक फसगत नेहमीची आहे: काही टीममध्ये डेव्हलपमेंट म्हणजे तयार पॅकेजमधले पर्याय निवडून फॉर्म आणि रिपोर्ट बनवणं. ते काम जाणणाऱ्यांना मागणी असते, पण ती त्या पॅकेजपुरती. दोन वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीत हॅशमॅप आणि थ्रेड अशा प्रोग्रॅमिंगच्या मूळ गोष्टी विचारल्या की पंचाईत होते.

टेस्टिंगला उगाच दुय्यम मानतात. चांगला टेस्टर वयाची अट 18 ते 60 असेल तर 17, 18, 19 आणि 59, 60, 61 या किमती आधी टाकून बघतो, कारण '<' आणि '<=' यांची गल्लत नेमकी सीमेवर उघडी पडते. ही नजर पुढे कुठेही गेलात तरी कामाला येते. प्रश्न असतो तो निव्वळ मॅन्युअल टेस्टिंगचा. तेच दोनशे टेस्ट केस दर रिलीजला हाताने चालवत राहिलात, तर दुसऱ्या वर्षात नवीन काही हाताला लागत नाही. ऑटोमेशन, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारा कोड लिहिणं, मिळत असेल तर ती नोकरी थेट प्रोग्रॅमिंगची आहे. त्यासाठीचं सेलेनियम किंवा प्लेराइट हे साधन शिकून घेता येतं. कस लागतो तो कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्टमध्ये. नवखे लोक 'पाच सेकंद थांब' असं लिहून मोकळे होतात. सर्व्हर सावकाश चालला की टेस्ट पडते, वेगाने चालला की प्रत्येक टेस्टमागे वेळ फुकट जातो. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी बटण दिसेपर्यंत किंवा उत्तर येईपर्यंत थांबायला सांगावं लागतं.

सपोर्टबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि त्यातला निम्मा भाग खराही आहे. इथे सगळं लेव्हलवर ठरतं. एल-वन म्हणजे तिकीट उघडणं, रनबुकमध्ये (ठरलेल्या उपायांच्या वहीत) लिहिलंय तसं करून पाहणं, नाही जमलं तर वर पाठवणं. त्यात वर्षभरापेक्षा जास्त अडकू नये. एल-टूला लॉग (सिस्टीमने ठेवलेल्या नोंदी) आणि डेटाबेस बघायला मिळतात, आणि तिथे जे समजतं ते नव्या डेव्हलपरला क्वचितच दिसतं. समजा, सकाळी गर्दीच्या वेळी 504, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याचे एरर, यायला लागले. सर्व्हर चालू आहे, सीपीयू निवांत आहे. लॉगमध्ये सापडतं की कनेक्शन पूल 10 चा आहे, म्हणजे डेटाबेसशी एका वेळी दहाच जोडण्या होतात, आणि इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नसलेल्या टेबलावरची एक क्वेरी प्रत्येक कनेक्शन तीस-तीस सेकंद अडवून बसली आहे. अकरावी रिक्वेस्ट रांगेतच टाइमआउट होते. रीस्टार्ट केलं की तासभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. कारण शोधून इंडेक्स टाकायला लावणारा माणूस सिस्टीम आतून ओळखायला लागतो. डेव्हऑप्स किंवा एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनियरिंग), म्हणजे सिस्टीम चालती आणि भरवशाची ठेवण्याच्या कामांकडे जायला याहून चांगली तयारी नाही.

किंमतही आहे: रात्रपाळी आणि ऑन-कॉल, म्हणजे पाळी नसतानाही फोन आला की कामाला लागणं. 99.9 टक्के अपटाइमचा करार म्हणजे तीस दिवसांत जेमतेम 43 मिनिटं बंद राहण्याची मुभा. फोन रात्री तीनला वाजतो तो त्यामुळे. ऑन-कॉलची पाळी किती जणांत फिरते ते विचारा. तिघांत असेल तर दर तिसरा आठवडा तुमचा.

नंतर बाजू बदलता येते का? ऑटोमेशनमधून डेव्हलपमेंटमध्ये सहज जाता येतं, एल-टूमधून थोड्या खटपटीने. एल-वन किंवा मॅन्युअलमधून जायचं तर घरी स्वतंत्र कोडिंग करावंच लागतं, आणि पाळी संपल्यावर तेवढं त्राण फार थोड्यांत उरतं. कंपनीतल्या कंपनीत बदली मागणं सोपं वाटतं, पण ज्याच्या कामाचं बिल क्लायंटला लागतं अशा माणसाला मॅनेजर सहजी सोडत नाही.

कोडिंगची गोडी असेल आणि डेव्हलपमेंट मिळत असेल तर प्रश्नच नाही. पण पॅकेजमधलं डेव्हलपमेंट आणि एल-टू सपोर्ट यांत निवडायचं असेल, तर आम्ही एल-टू घ्या म्हणू. एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: कोडची रिपॉझिटरी (कोड साठवलेली जागा) बघायला मिळेल का, प्रॉडक्शनचे लॉग वाचायची परवानगी असेल का, आणि शिफ्ट कोणती. 'प्रोजेक्ट मिळाल्यावर ठरेल' असं उत्तर आलं तर एल-वन मिळेल असं धरून चाला आणि रुजू होईपर्यंत एसक्यूएल व एक प्रोग्रॅमिंग भाषा पक्की करून ठेवा.