मानव विकासची निळी बस: माझ्याकडून पाचपैकी चार तारे

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. गाव डांबरी रस्त्याच्या आत आहे, हायस्कूल सात किलोमीटर लांब. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. तोवर लेकरांना पुस्तकं, गणवेश आणि दुपारची खिचडी सगळं मिळतं. आठवीपासून शाळा लांब पडते, आणि आठवीनंतर खिचडी बंद होते, पुस्तकं विकत घ्यावी लागतात. ज्या घरात सोयाबीन हातचं गेलेलं असतं, त्या घरातल्या पोरीची शाळा तिथंच सुटते.

अशा पोरींसाठी चालणाऱ्या बसबद्दल लिहिते आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची ही निळी एसटी 2011 नंतर राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आली. पैसा मानव विकासचा, चालवायचं काम एसटीचं. आधी तालुक्याला पाच बस होत्या, पुढं सात झाल्या. बारावीपर्यंतच्या मुलींना पूर्ण मोफत. मुलांना पासात 66.66 टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा तरी घरून द्यावाच लागतो. पोरीच्या बापाला एक रुपयाही काढावा लागत नाही, आणि आमच्याकडं त्या एका रुपयावरच पुष्कळ ठरतं.

शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना याच कार्यक्रमातून सायकल मिळते. 2022 पासून त्याचे 5000 रुपये झाले. योजना चांगली आहे, पण पैसे हप्त्यानं खात्यात येतात. खातं, आधार, पावती, एवढं सगळं जुळेपर्यंत अर्धं वर्ष निघून जातं. शिवाय खात्यात आलेला पैसा घरच्या नडीला जातो. कुणाचं आजारपण निघतं, कुणाच्या खताची उधारी असते. त्या घरांना मी नावं ठेवणार नाही, मी त्यांच्या चुली पाहिल्या आहेत. बसचं मात्र तसं नाही. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पोरगी चढली की शाळेतच उतरते. पासही आता शाळेतच हातात मिळतो, त्यामुळे डेपोच्या खिडकीपुढं बापाचा रोज बुडत नाही.

सकाळी फाट्यावर या कधी. आठवीपासून बारावीपर्यंतच्या पोरी, दोन वेण्या, काहींच्या हातात डबा, काहींच्या हातात वडलांसाठी डेपोजवळच्या दुकानातून आणायच्या औषधाचा कागद. दोघींच्या बाकावर तिघी बसतात. मोठ्या पोरी लहानींकडून पाढे म्हणून घेतात. आमच्याकडं येणारे एक ड्रायव्हर फाट्याच्या अलीकडूनच हॉर्न देतात, कारण वस्तीवरच्या दोन पोरींना वावरातून पळत यावं लागतं. त्या दिसल्या की ते थांबतात. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला उशीर झाला तेव्हाही ते पोरी येईपर्यंत हलले नाहीत. या माणसाला मी वेगळे पाच तारे देते.

एक तारा मी संध्याकाळसाठी कापला आहे. सकाळची बस चुकली तर पोरगी घरी राहते, एक दिवस बुडतो. संध्याकाळची आली नाही तर थंडीच्या दिवसांत सहालाच अंधार पडतो आणि सात किलोमीटरच्या रस्त्यावर पोरी उभ्या राहतात. मग बाप गाडी मागून न्यायला जातो, आणि असं दोनदा झालं की म्हणतो, ‘बस झालं आता, घरीच राहा.’ यात्रेच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत आमच्या भागातल्या डेपोनं ही बस दुसऱ्या फेरीला लावली आणि पोरी ताटकळल्या, असं झालेलं आहे. मधल्या वेळेत बस कुठंही फिरवा, कुणाची हरकत नाही. पाचची फेरी मात्र पोरींचीच आहे, तिला हात लावू नये.

बस बंद पडली तर काय होतं हे आम्ही पाहिलं आहे. 2021 मध्ये कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या, आणि दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्यांच्या पगाराचे हाल सगळ्यांना माहीत होते. पण त्या हिवाळ्यात माझ्या वहीतल्या नववी-दहावीच्या पोरी घरी बसल्या, कापूस वेचायला गेल्या, आणि उन्हाळ्यात त्यातल्या काहींच्या हळदी झाल्या. पुढं त्यांच्यातल्या एकीची गरोदरपणाची नोंद मीच केली. वय विचारताना तिची आई खाली बघत होती. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वर्षांच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. हा आकडा वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही. शाळेत जाणाऱ्या पोरीला पाहुणे बघायला आले तर ‘परीक्षा होऊ द्या’ असं आई म्हणू शकते. घरी बसलेल्या पोरीच्या आईला तेवढंही म्हणता येत नाही.

बाकी तक्रारी लहान आहेत. पावसात फुटक्या काचेतून पाणी येतं, मागचं बाक खिळखिळं आहे. दुरुस्त झालं तर बरं.

तुमच्या गावाला ही फेरी नसेल आणि तालुका या 125 मध्ये असेल, तर जूनची वाट बघू नका. एप्रिल-मेमध्येच मुख्याध्यापकांच्या सहीनं मुलींची यादी करा, नाव, इयत्ता आणि शाळेची वेळ लिहा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडून डेपोत द्या. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, जिल्ह्याच्या मानव विकास समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. दोन्हीकडून पोच घ्या. आणि अर्जात शाळा सुटण्याची वेळ ठळक लिहा, परतीची फेरी त्यावरच ठरवून मागा.