अनोळखी इंडीपॉप बँड शोधायचे तर कुठे? स्ट्रीमिंग, लेबल, बँडकँप आणि रेडिओ

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे इंडीपॉप म्हटलं की अलिशा चिनॉय, लकी अली आणि नव्वदीतला केबल टीव्ही आठवतो. तिथला ‘इंडी’ म्हणजे इंडियन. मी बोलतेय ते इंडीपॉप ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये रुजलेलं, आणि त्यातला ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपनीच्या दाराशी न जाता केलेलं. किणकिणणारी गिटार, साधे ड्रम, जरा लाजरा आवाज, तीन मिनिटांत संपणारं गाणं आणि दिवसभर तोंडात बसणारी चाल. 1986 साली एनएमई या ब्रिटिश साप्ताहिकाने 22 बँडचं एकेक गाणं घेऊन ‘सी86’ नावाची कॅसेट काढली. पुढे त्या कॅसेटचं नाव या सगळ्या संगीतालाच चिकटलं.

समजा या जातीचे बँड तुम्ही ऐकलेत, द पेस्टल्स, द फील्ड माइस, कॅमेरा ऑब्स्क्युरावर तर जीव जडलाय, आणि आता अजून हवंय. कुणी न ऐकलेलं, नवं, हातात मावेल एवढं छोटं. आठवड्याला तास-दीड तास आहे आणि महिन्याला पाच-सातशे रुपये खर्च करायची तयारी आहे. मग तो तास कुठे घालवायचा?

माझं मत आधीच सांगून टाकते: लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी) धरा, बँडकँपवर (बँड स्वतःची गाणी विकतात त्या साइटवर) फिरा, रेडिओ चालू ठेवा, आणि स्ट्रीमिंगला शोधायचं काम देऊ नका.

स्ट्रीमिंग: सुरुवातीला उत्तम, पुढे तोकडं

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं. त्याची ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी 2015 पासूनची, दर सोमवारी 30 गाणी. तुम्ही काय ऐकता आणि तीच गाणी इतरांच्या प्लेलिस्टमध्ये कुठल्या गाण्यांच्या शेजारी बसलेली असतात, याची सांगड घालून ही यादी बनते. तुम्ही जेमतेम पाच बँड ऐकले असतील तर हे खरोखर कामाचं आहे. महिन्याभरात तीस-चाळीस नावं कानावर पडतील आणि त्यातली निम्मी आवडतीलही.

अडचण त्यानंतर येते. सांगड घालायला आधी माहिती लागते. ज्या बँडला जगभरात मिळून दोनशे लोक ऐकतात, तो फारशा कुणाच्या प्लेलिस्टमध्येच नसतो, मग तो कुणाच्या शेजारी बसणार? म्हणजे नेमका जो बँड तुम्ही शोधताय, त्याच्याबद्दल या यंत्रणेकडे सांगण्यासारखं सगळ्यात कमी असतं.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. बॉस्टनच्या गॅलक्सी 500 या बँडचं ‘स्ट्रेंज’ हे 1989 च्या अल्बममधलं गाणं. ते सिंगल म्हणून कधी निघालं नव्हतं. तरी स्पॉटिफायवर ते बँडच्या बाकीच्या गाण्यांच्या कितीतरी पुढे गेलं. बँडचा ड्रमर डेमन क्रुकोव्स्की याला हे खटकलं आणि त्याने शोध घेतला. लक्षात आलं ते असं: 2017 च्या सुरुवातीला ‘ऑटोप्ले’ आपोआप चालू राहू लागलं, आणि एक अल्बम संपला की पुढे काय वाजवायचं हे यंत्रणा ठरवू लागली. ती निवडते ते इतरांच्या गाण्यांशी सगळ्यात मिळतंजुळतं गाणं. म्हणजे बँडचं जे गाणं बँडसारखं सगळ्यात कमी वाटतं, तेच पुढे सरकतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. इंडीपॉपमध्ये आपण शोधतो तो वेगळेपणा, एखाद्या आवाजातला कंप, एखादी चुकत-माकत लागलेली जागा. ऑटोप्लेच्या चाळणीत नेमकं तेच खाली राहतं.

पैशाचंही बघा. 2024 पासून ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार वेळासुद्धा ऐकलं गेलं नाही, त्याच्या रेकॉर्डिंगचा मोबदला स्पॉटिफाय देत नाही. छोट्या बँडची बरीच गाणी त्या रेषेखालीच असतात.

तरी ॲप काढून टाकू नका. नाव कळल्यावर बँडची जुनी गाणी चाळायला, बसमध्ये ऐकायला त्यासारखी सोय नाही.

लेबल: एका माणसाचा कान उसना घेणं

इंडीपॉपमध्ये लेबल म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या घरातली एक खोली, एक-दोन माणसं, पाकिटं आणि पोस्टाची तिकिटं. म्हणून लेबलची यादी ही कंपनीची यादी नसते. त्या माणसाला काय आवडलं, याची ती वही असते.

सगळ्यात सुंदर उदाहरण ब्रिस्टलच्या सेराह रेकॉर्ड्सचं. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी 1987 मध्ये ते सुरू केलं. दोघंही त्याआधी आपापली फॅनझिन काढत होते, म्हणजे हाताने जुळवलेली, झेरॉक्स केलेली मासिकं. पहिली सात इंची रेकॉर्ड द सी अर्चिन्स या बँडची. प्रत्येक गोष्टीला क्रमांक होता, आणि क्रमांक फक्त रेकॉर्डलाच मिळायचा असंही नाही: फॅनझिनला मिळाला, 50 वा तर एका बोर्ड गेमला मिळाला. संग्रहांना नावं दिली ब्रिस्टल आणि आसपासच्या ठिकाणांची. 1995 मध्ये शंभरावा क्रमांक काढला आणि दोघांनी लेबल बंद केलं. धंदा बुडाला म्हणून नाही. शंभर हा थांबायला चांगला आकडा होता.

आता हे ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा. त्या शंभरात ऑक्सफर्डचा हेवनली आहे, ग्लासगोचा द ऑर्किड्स आहे, सिडनीचा ईव्हन ॲज वी स्पीक आहे, न्यू यॉर्कमध्ये घरच्या घरी एकट्याने रेकॉर्ड करणारा ईस्ट रिव्हर पाइप आहे. गावं वेगळी, देश वेगळे, आवाजही वेगळे. पण सगळे एकाच जोडीच्या कानातून गाळून आलेले. फील्ड माइसही सेराहचाच, तो आवडत असेल तर त्याच वहीतलं पुढचं पान आवडायची शक्यता कुठल्याही गणितापेक्षा जास्त, हा माझा अनुभव आहे. मी एका पावसाळ्यात रोज संध्याकाळी दोन क्रमांक, अशी ती यादी ऐकत गेले. काही रेकॉर्ड मुळीच आवडल्या नाहीत. पण न आवडलेल्यातही हे त्यांनी का निवडलं असेल, असा प्रश्न पडायचा, आणि त्या प्रश्नाने कान तयार झाला.

सेराह बंद झालं, पण पद्धत जिवंत आहे. अमेरिकेत स्लंबरलँड हे 1989 मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात सुरू झालेलं, पुढे कॅलिफोर्नियात गेलेलं लेबल. ते चालवणारा माइक शुलमन स्वतः ब्लॅक टँबुरीन या बँडमध्ये वाजवायचा. सॅन फ्रान्सिस्कोकडचे आजचे द अंब्रेलाज, चाइम स्कूल हे बँड तुम्हाला तिथेच भेटतील. स्पॅनिश ऐकायची तयारी असेल तर माद्रिदचं एलेफांत. न्यूझीलंडचं फ्लाइंग नन 1981 पासूनचं, आणि द क्लीन किंवा द चिल्स ऐकल्याशिवाय किणकिणणाऱ्या गिटारची निम्मी गोष्ट कळत नाही.

लेबलची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यांची आवड नकळत तुमची होते. दुसरं म्हणजे, इथे पोहोचलेला बँड कुणीतरी आधीच निवडलेला असतो. काल रात्री आपल्या खोलीत तीन गाणी रेकॉर्ड करून आज सकाळी टाकणारी मुलं इथे नसतात. ती पुढच्या जागी असतात.

बँडकँप: माणसाकडून माणसाकडे

बँडकँप 2008 मध्ये सुरू झालं. बँड स्वतः आपलं पान उघडतो, गाणी चढवतो, किंमत ठरवतो. कधी ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ म्हणतो. बहुतेक गाणी विकत घेण्याआधी पूर्ण ऐकता येतात. डिजिटल विक्रीतले 15 टक्के साइट ठेवते, वस्तूंवर 10 टक्के. बाकी पैसे, व्यवहाराचा खर्च वजा जाता, बँडचे. 2022 मध्ये ते एपिक गेम्सने घेतलं, पुढच्या वर्षी साँगट्रॅडरला विकलं आणि बऱ्याच कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला होता. साइट अजून चालू आहे, पण घेतलेली गाणी डाउनलोड करून स्वतःच्या डिस्कवर ठेवा, हे मी कळकळीने सांगते.

शोध कसा घ्यायचा? बहुतेक जण टॅगपासून सुरुवात करतात: इंडीपॉप, जँगल पॉप (किणकिणत्या गिटारचं), ट्वी (गोड, लाडिक). टॅग वाईट नाही, पण गर्दी फार, आणि कोणीही कोणताही टॅग लावतो. शहराचा टॅग जोडला की चित्र बदलतं. जकार्ता, बांडुंग, मनिला ही नावं घालून बघा. इंडोनेशिया आणि फिलिपीन्समध्ये या संगीताचं वेड जुनं आणि खरं आहे. आपल्याकडेही त्या जातकुळीच्या जवळ जाणारे आहेत: पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज, कोलकात्याचे पारेख अँड सिंग. या दोघांना काटेकोर अर्थाने इंडीपॉप म्हणता येणार नाही, पण कॅमेरा ऑब्स्क्युरा आवडणाऱ्याने पारेख अँड सिंग ऐकले नसतील तर आज रात्री ऐकावेत.

खरी वाट मात्र टॅगची नाही. आवडलेल्या अल्बमच्या पानावर विकत घेणाऱ्यांच्या छोट्या चौकोनी चित्रांची रांग असते. कुणाचं मांजर, कुणाचा चष्मा, कुणाची एखादी जुनी रेकॉर्ड. त्यातल्या एकाने दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि कुठलं गाणं सगळ्यात आवडलं ते सांगितलेलं असतं. त्या चौकोनावर टिचकी मारा. त्या माणसाचं पूर्ण कपाट उघडतं. चारशे अल्बम. त्यातले वीस तुमच्याकडेही आहेत असं दिसलं, की उरलेल्या तीनशे ऐंशींकडे गंभीरपणे बघायला हरकत नाही. त्यातले ज्यांच्या पानावर दहा-बाराच चौकोन आहेत, ते आधी ऐका. मला मिळालेले सगळ्यात लाडके बँड असेच मिळाले.

हे डिस्कव्हर वीकलीच्याच तत्त्वावर चालतं असं कुणी म्हणेल. फरक मोठा आहे. इथे समोरच्याने खिशातून पैसे काढलेत, आणि दोन जणांची आवड जुळते का हे तुम्ही डोळ्यांनी तपासताय. एकाच माणसाची साक्ष पुरते. दोनशे श्रोत्यांचा बँड इथे दिसतो.

खर्चाचं गणित: बहुतेक अल्बम सात ते दहा डॉलर किंवा पौंडांच्या घरात, एकेक गाणं डॉलरभर. म्हणजे पाच-सातशे रुपयांत महिन्याला सात डॉलरच्या आसपासचा एक अल्बम किंवा ‘वाटेल ते द्या’वाले दोन-तीन. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा आणि बँक वर काय शुल्क लावते ते बघा. सात इंची रेकॉर्ड ब्रिटनहून मागवायचा मोह होईल. टपालखर्च बरेचदा रेकॉर्डपेक्षा जास्त होतो, वर कस्टम ड्युटी लागू शकते. वर्षातून एकदा, वाढदिवसाला, ठीक आहे.

रेडिओ: ज्यांना निवडायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी

जॉन पील बीबीसी रेडिओ 1 वर 1967 पासून 2004 मध्ये वारला तोपर्यंत कार्यक्रम करत होता, आणि टपालाने आलेल्या अनोळखी मुलांच्या टेपा ऐकून वाजवत होता. इंडीपॉपच्या कितीतरी बँडना पहिला श्रोता तो मिळाला. तसा एकच माणूस आज नाही, पण स्टेशनं आहेत.

माझी पहिली पसंती डब्ल्यूएफएमयू. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचं, जाहिराती न घेता श्रोत्यांच्या देणगीवर चालणारं. काय वाजवायचं हे प्रत्येक निवेदक स्वतः ठरवतो. जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते गाडीत 91.1 वर मिळतं. आपण ऑनलाइन ऐकायचं. तिथली दुपार म्हणजे आपली रात्र. प्रत्येक कार्यक्रमाची गाणी क्रमाने लिहिलेली आणि जुने भाग साठवलेले असतात, त्यामुळे झोप लागली तरी नाव हरवत नाही. सिएटलचं केईएक्सपी जास्त नीटनेटकं. तिथे संध्याकाळचे सात वाजले की उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात, म्हणजे डबा भरायची वेळ.

रेडिओत तासाला एखादंच गाणं तुमच्या कामाचं निघेल. हातात वही हवी आणि धीर हवा. बदल्यात असं काही मिळतं जे तुम्ही स्वतः कधीच निवडलं नसतं.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. डिस्कॉग्ज ही रेकॉर्डांची माहिती जमवणारी साइट शोधायला नाही, धागा पकडायला: या बँडचा ड्रमर आधी कुठे होता, ही रेकॉर्ड कुणी काढली. यूट्यूबवर कुठेच न मिळणाऱ्या जुन्या सात इंची रेकॉर्ड सापडतात, पण तिथेही पुढचं गाणं यंत्रणाच लावते. महोत्सवांमध्ये डर्बीशरच्या जुन्या रेल्वे स्टेशनात 2007 ते 2019 भरणाऱ्या इंडीट्रॅक्ससारखं काही नव्हतं. ते आता होत नाही.

मग तुमचा तास. नवखे असाल तर दोन महिने स्ट्रीमिंगच चालू द्या. ज्यांना मागचं सगळं नीट ऐकायचंय त्यांनी एक लेबल घ्यावं आणि पहिल्या क्रमांकापासून निघावं. कामं करता करता ऐकणाऱ्यांनी रेडिओ. आणि ज्यांना खरंच नवं, खरंच अनोळखी हवंय त्यांनी रविवारी सकाळी बँडकँपवर एक कपाट उघडावं आणि त्यातल्या तीन बँडपलीकडे जाऊ नये. तिसरा बँड दोनदा ऐका.

पैसे देताना बँडसाठी निरोप लिहायची एक रिकामी जागा येते. मी तिथे आपलं गाव लिहिते आणि कुठलं गाणं परत परत लावलं ते लिहिते. गेल्या वर्षी एका बँडच्या पानावर अकरा चौकोन होते, माझा बारावा. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. पुणे नकाशात कुठे आहे ते त्यांनी शोधलं होतं, आणि आता तिथे कुठलं संगीत ऐकावं, असं मलाच विचारलं होतं.